मदत हवी आहे: प्रोपेनवरच्या हीट पंप ड्रायरचं मॉडेल ५.६ सीओपी (विजेच्या किती पट उष्णता) सांगतंय, मीटर ३.५ च्या वर जाईना

कुपवाडचा_पत्रेवाला

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे, शिक्षण डिप्लोमा मेकॅनिकल, पायथन भाच्याकडून शिकलोय, त्यामुळं चूक दिसली तर सरळ सांगा, राग येणार नाही.

झालं असं की मामांची सावळजला द्राक्षबाग आहे, बेदाणा स्वतःच करतात. शेडवर माल टाकला की पंधरा दिवस आभाळाकडं बघत बसायचं, आणि यंदा नेमका दहाव्या दिवशी अवकाळी आला न् निम्मा माल काळा पडला. तेव्हाच डोक्यात घेतलं की बंद खोलीत हीट पंपावर वाळवायचं. म्हणजे खोलीतली दमट हवा थंड कॉइलवरून न्यायची, पाणी गाळून घ्यायचं, तीच हवा गरम कॉइलवरून तापवून परत आत सोडायची. हवा ५५ डिग्रीच्या वर न्यायची नाही, माल तांबडा पडतो, हिरवा रंग गेला की भाव गेला असं मामा म्हणतात.

आता गॅसचं. आधीचं डिझाइन आर-१३४ए वर होतं. पण त्याचा जीडब्ल्यूपी (हवामान तापवण्याची ताकद, कार्बन डायऑक्साइडच्या किती पट) १४३०, आणि किगाली करारानं आपल्याला २०२८ ला एचएफसीचा (१३४ए त्याच जातीचा गॅस) वापर गोठवायचाय, तिथून पुढं २०४७ पर्यंत ८५ टक्के कमी करायचाय. मशीन पंधरा वर्षं चालावं अशी अपेक्षा असेल तर आत्ताच त्या गॅसवर कशाला अडकायचं म्हणून आर-२९० म्हणजे प्रोपेन घेतला, जीडब्ल्यूपी ३ च्या आसपास. कॉम्प्रेसर प्रोपेनचाच नवीन आणला, डिस्प्लेसमेंट (एका फेरीत ओढलं जाणारं गॅसचं घनफळ) जुन्याएवढंच. कॉइल मात्र जुन्याच ठेवल्या (खर्च हो, दुसरं काय).

मॉडेल म्हणजे मशीनचा कॉम्प्युटरवरचा हिशेब, कूलप्रॉप (गॅसचे गुणधर्म देणारी, पायथनमधून वापरायची लायब्ररी) वापरून केलंय. थंड बाजू (गॅस उकळतो ते तापमान) २० डिग्री धरली, कारण परत येणाऱ्या हवेचा दवबिंदू २७ च्या आसपास आहे, म्हटलं २० ला पाणी पडेल की. गरम बाजू ५५, कारण हवा ५५ ची पाहिजे. सुपरहीट (गॅस पूर्ण उकळल्यावर आणखी किती डिग्री तापतो ते) ५, कॉम्प्रेसरची आयसेंट्रॉपिक एफिशियन्सी (आदर्श कॉम्प्रेसरच्या तुलनेत कार्यक्षमता) ०.७. उत्तर आलं सीओपी ५.६. खुश.

मशीन चालवलं, गरम कॉइलच्या अलीकडं-पलीकडं तापमान घेतलं, ॲनिमोमीटरनं हवा मोजली, पूर्ण मशीनला एनर्जी मीटर लावला (१.६८ किलोवॅट येतात) आणि हिशेब केला तर ३.५. कुठं ५.६ आणि कुठं ३.५!

गेज बघितले तर लो साइड ८४ पीएसआय, हाय साइड ३०६. गेजवर प्रोपेनची तापमानाची पट्टी नाही म्हणून बारमध्ये करून, ५.८ आणि २१.१, कूलप्रॉपला दिलं तर थंड बाजू ६.७ डिग्री आणि गरम बाजू ६० आली. सक्शन पाइप १८ ला आहे म्हणजे सुपरहीट ११ च्या वर. मेकॅनिक म्हणतोय गॅस कमी पडलाय, अजून भरू. भरू का?

आणि एक डोकं खाणारी गोष्ट, मॉडेलमध्ये प्रोपेन काढून १३४ए टाकला तरी सीओपी जवळपास तेवढाच येतो, एक-दोन टक्क्यांचा फरक. मग मॉडेल चुकलंय की मी?

कृष्णाकाठ

मिरजेत कितीतरी एसीवाले आहेत, एखाद्याला बोलवा की, कॉम्प्युटर कशाला पाहिजे त्याला. माझ्या मते गॅसच कमी असणार, अकरा सुपरहीट म्हणजे सरळ आहे.

शीतकपाट

अजिबात भरू नका! आधी गेजचं बघू.

गेज हवेच्या दाबाच्या वरचा दाब दाखवतो, कूलप्रॉपला लागतो ॲबसोल्यूट. कुपवाड समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, तिथं हवेचा दाब ०.९५ बार पकडा. म्हणजे लो साइड ५.८ नाही, ६.७५ बार, आणि तापमान ६.७ नाही, १२ डिग्री. हाय साइड २२.०५, म्हणजे ६२. बघा, एकच चूक, पण वरच्या बाजूला दोन डिग्रीचा फरक पडतो आणि खालच्या बाजूला पाचाचा, म्हणून ती नेहमी सुपरहीटमध्ये येऊन बसते. तुमचं खरं सुपरहीट ६ आहे. गॅस बरोबर आहे. यावर अजून भरला असता तर हाय साइड चढली असती आणि तुम्ही आणखी गोंधळला असता. प्रोपेन गेज बघून अंदाजानं नाही, वजनकाट्यावर भरतात.

आता मॉडेल. चूक कोडमध्ये नाहीये, तुम्ही त्याला उत्तर आधीच सांगून टाकलंय. २० आणि ५५ हे तुम्ही ठरवलंत, पण ती तापमानं मशीन ठरवतं. हवा ५५ ची पाहिजे तर गॅस ५५ च्या वरच कंडेन्स व्हायला लागणार, किती वर ते कॉइल किती मोठी त्यावर. तुमच्याकडं ७ डिग्री वर आहे. खाली २० च्या जागी १२. म्हणजे ३५ डिग्रीची चढण धरली होती, प्रत्यक्षात ५० ची आहे. ६२ आणि १२ घालून परत चालवा, आणि ०.७ सोडा, दाबाचं गुणोत्तर ३.३ च्या जवळ गेलंय, कॉम्प्रेसर कंपनीच्या तक्त्यातून काढा.

आणि ही तापमानं इतकी फाकली का, तर त्याच डिस्प्लेसमेंटला प्रोपेन १३४ए पेक्षा साधारण सव्वापट उष्णता ओढतो. कॉइल त्याच, उष्णता सव्वापट, मग गॅस आणि हवेतलं अंतर वाढणारच. म्हणूनच मॉडेलमध्ये दोन्ही गॅस सारखे दिसतात, दोघांना सारखीच तापमानं दिलीत तर सीओपी जवळजवळ सारखाच येतो. प्रोपेन घ्यायचा तो जीडब्ल्यूपीसाठी, फुकटची वीज मिळेल म्हणून नाही.

बेदाणा_भाऊ

जरा वेगळं. चार्ज (मशीनमध्ये भरलेला गॅस) किती ग्रॅम आहे? प्रोपेन हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, हवेत दोन टक्क्यांच्या थोडा वर गेला की पेट घ्यायला ठिणगीच पुरते. घरगुती फ्रिजला १५० ग्रॅमची मर्यादा असते ती उगाच नाही. खोलीत हीटर, उघडे कॉन्टॅक्टर (ठिणगी पाडणारे विजेचे स्विच) असतील तर बाहेर काढा, डिटेक्टर खाली लावा. आणि घरच्या सिलिंडरमधून भरायचा विचारही नको, त्यात ब्युटेन असतो, वासाचं औषध असतं, ओल असते. आमच्याकडं एकानं केलेलं हे, महिन्याभरात कॉम्प्रेसर गेला.

कुपवाडचा_पत्रेवाला

@बेदाणा_भाऊ ३८० ग्रॅम आहे. मशीन खोलीच्या बाहेर पत्र्याच्या आडोशाला आहे, पण हवेचे डक्ट आत जातात म्हणजे गळती आत जाऊ शकते हे डोक्यातच नव्हतं. डिटेक्टर आणि कॉन्टॅक्टरचं उद्याच करतो.

@शीतकपाट साहेब दंडवत! गेजची चूक म्हणजे लाजच काढली की माझी. तक्त्यातून एफिशियन्सी ०.६५ निघाली, ६२ आणि १२ घातले तर ३.८ आले. पण अजून ३.५ शी जुळत नाही.

शीतकपाट

आधी तो ३.५ तरी खरा आहे का बघा. दमट हवेची घनता काढताना दाब किती दिला होता?

कुपवाडचा_पत्रेवाला

१०१३२५. पुस्तकातला.

शीतकपाट

मग हवा सहा-सात टक्क्यांनी जास्त वजनाची धरलीत. ९५००० टाका, तुमचा ३.५ उतरून ३.३ होईल. हो, अंतर वाढलं, पण आता ते खरं अंतर आहे. आणि मॉडेलचा ३.८ हा फक्त कॉम्प्रेसरचा, मीटर मात्र पंख्यासकट सगळं मोजतो. पंखे किती खातात?

कुपवाडचा_पत्रेवाला

दोन्ही मिळून १८० वॅट. म्हणजे कॉम्प्रेसर १.५ किलोवॅट, गुणिले ३.७८ म्हणजे ५.६७ किलोवॅट उष्णता, भागिले १.६८... ३.४! आणि मोजलेली ५.५ किलोवॅट. उरलेलं कॉम्प्रेसरच्या डब्यातून बाहेर जातंय का? हात लावला तर चटका बसतो.

शीतकपाट

तेच. डबा गुंडाळायच्या आधी कॉम्प्रेसरवाल्याला विचारा, काहींना वरून हवा लागते. पुढची पायरी: तापमानं हातानं द्यायची बंद करा. आजच्या रीडिंगवरून दोन्ही कॉइलचा यूए (एक डिग्री फरकाला कॉइल किती उष्णता पोचवते) काढा, मग सॉल्व्हरला दोन अज्ञात द्या, वरचं आणि खालचं तापमान, कॉम्प्रेसर जेवढं ओढतो आणि कॉइल जेवढं देतात ते जुळेपर्यंत फिरू दे. थंड कॉइल ओली आहे, तिथं नुसता तापमानाचा फरक घेऊन चालत नाही, हवेच्या एन्थाल्पीचा (वाफेसकट एकूण उष्णतेचा) फरक घ्या, नाहीतर गाळलेल्या पाण्याची उष्णता हिशेबातच येणार नाही. आणि कंपनीनं दहा गुणांकांचं समीकरण दिलं असेल तर ते फॅरनहाइटमध्ये आहे का आधी बघा, आणि तक्त्याच्या बाहेर नेऊ नका, घनाचं पद असतं त्यात, बाहेर गेलं की वाट्टेल ते सांगतं.

बेदाणा_भाऊ

आणि थंड कॉइलखाली बादली ठेवा ओ. ॲनिमोमीटर फसवेल, बादली नाही फसवत.

कुपवाडचा_पत्रेवाला

चार दिवसांनी लिहितोय. यूए वालं मॉडेल चाललं, १२.४ आणि ६१.५ स्वतःहून आले, मी काहीच सांगितलं नव्हतं त्याला! दोन्ही कॉइल दीडपट केल्या तर गॅस आणि हवेतलं अंतर किती कमी होतं ते आता कॉइलवाल्याकडं जायच्या आधीच दिसतंय, भाचा म्हणतो हे आधीच करायला पाहिजे होतं मामा.

बादली पण ठेवली. तासाला ३.६ लिटर. म्हणजे एका युनिटला दोन लिटरच्या थोडं वर पाणी. टनभर द्राक्षात ८० टक्के पाणी धरलं आणि बेदाणा १५ टक्क्यांवर थांबवला तर ७६५ लिटर काढायचं, म्हणजे टनाला साधारण ३६० युनिट. सावळजच्या मामांना हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण तासाला साडेतीन लिटरनं माझा एक टन कधी वाळायचा? हिशेब केला, नऊ दिवस. त्यांचा माल बारा टन आहे.

तर आता पुढचा प्रश्न: कॉम्प्रेसर मोठा घ्यावा की असेच चार लावावेत? एका मशीनचा चार्ज वाढवायला जीव धजत नाही.