विषय: नेपल्सचा धक्का – तिकडच्या सभासदांनी खुशाली कळवावी

नमस्कार मंडळी,
१३ मार्च २०२५ च्या पहाटे १.२५ ला नेपल्सजवळ भूकंप झाल्याचं वाचलं. ४.६ रिश्टर म्हणे. किल्लारीच्या ६.२ पुढे किरकोळच, तरी लोक रात्रभर गाड्यांत बसून होते! कळवा.
– चिटणीस, मिलान

---

चिटणीसकाका,
आम्ही सुखरूप आहोत, पण 'किरकोळ' मागे घ्या!

ऊर्जेच्या हिशेबात किल्लारी शेकडो पट मोठा, वादच नाही. पण आकडा भूकंपाचा असतो, हादरा घराला बसतो. नेपल्सशेजारच्या आमच्या पोझ्झुओलीखाली खडक तुटतो तो जेमतेम दोन-तीन किलोमीटरवर. लाटांना विरायला वाटच मिळत नाही. आधी जमिनीतून गडगडाट, आणि तो कानावर पडेपर्यंत दणका. नेपल्सच्या बान्योली भागात छत कोसळलं, एका बाईंना ढिगाऱ्यातून काढलं. तुमच्याकडे पेल्यातलं पाणीही हललं नसेल. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इस्किया बेटावर तर ४.० च्या धक्क्यात दोघे गेले. तोही असाच उथळ.
– पोझ्झुओलीकर

---

ताई, म्हणजे व्हेसुव्हियस ज्वालामुखी जागा झाला का? आईचा फोनवर फोन येतोय.
– सालेर्नोहून

---

नाही रे, तो नेपल्सच्या पूर्वेला. हा पश्चिमेचा दुसरा ज्वालामुखी, कांपी फ्लेग्रेई. शिखर शोधू नकोस, १२-१५ किलोमीटरचा खोलगट भाग आहे, त्यातच आमची घरं, शाळा, बंदर. शेवटचा उद्रेक १५३८ चा. त्यात आठवड्याभरात एक टेकडीच उभी राहिली, मोंते नुओवो.

इथली जमीन वरखाली होते. २००५ पासून ती सुमारे १.४ मीटर वर आलीय, १९८२–८४ मध्ये दोनच वर्षांत १.८ मीटर आली होती. बंदरात पाणी इतकं उतरलंय की काही होड्या गाळात बसतात. जमीन फुगते तसा वरचा खडक तडकतो, तेच हे धक्के. बाजारपेठेच्या रोमन अवशेषांतले खांब येऊन बघ, उंचावर समुद्री शिंपल्यांनी पोखरलेली भोकं आहेत. म्हणजे ते बुडाले होते, मग वर आले.

आईला सांग, धक्के म्हणजे लगेच उद्रेक नव्हे. १९८२–८४ च्या धक्क्यांनंतरही उद्रेक झाला नाही. पण पुढे काय, ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मी मात्र बॅग दाराशी ठेवलीय.
– पोझ्झुओलीकर

---

'किरकोळ' मागे. रविवारची सभा ऑनलाइन घेऊ, कुणी दक्षिणेकडून प्रवास करू नये.
– चिटणीस