नुसती रजा वाढवून भागणार नाही

प्रसूतिरजा वाढवली की स्तनपानाचा प्रश्न सुटेल, हे मत मला अर्धंच पटतं. रजा हवीच. पण पुष्कळ जणींचं अडतं ते रजा संपायच्या कितीतरी आधी, पहिल्या काही दिवसांत. बाळ नीट पकडत नाही, स्तनाग्रांना चिरा पडतात, "दूध पुरत नाही" असं कोणीतरी म्हणतं आणि पावडरचा डबा घरात येतो. अशा वेळी शेजारी बसून बाळाला कसं धरायचं ते दाखवणारी प्रशिक्षित परिचारिका हवी. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने १९९१ साली सुरू केलेला बालस्नेही रुग्णालय उपक्रम याचसाठी आहे: जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजणं, आई-बाळ एकाच खोलीत, वैद्यकीय कारणाशिवाय वरचं दूध नाही.

कामावर परतल्यानंतरचं म्हणाल, तर आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००० सालच्या मातृत्व संरक्षण करारात स्तनपानासाठीचा वेळ कामाचाच धरून त्याचा पगार द्यावा, असं स्पष्ट आहे. पण दूध काढायला आडोसा आणि ठेवायला फ्रीज नसेल तर तो वेळ कागदावरच राहतो. बाळाचं अन्न स्वच्छतागृहात बसून काढायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. आणि रोजंदारीवरच्या मातांना तर रजाच नसते. त्यांच्यासाठी थेट रोख मदत आणि कामाच्या जागेजवळ पाळणाघर, याची मागणी आधी व्हायला हवी.