बारशाच्या जेवणातून विषबाधा, केटररकडून भरपाई मिळते का?

वारजेकर
मागच्या आठवड्यात भाचीचं बारसं होतं, जेवण केटररचं. रात्री आईला उलट्या-जुलाब सुरू झाले ते थांबेचनात, पहाटे ॲडमिट करावं लागलं. बऱ्याच पाहुण्यांनाही त्रास झाला, बासुंदीला वाढतानाच आंबूस वास होता असं दोघं-तिघं म्हणतायत. केटरर म्हणतो हॉलचं पाणी खराब असेल, आमचा संबंध नाही. आई ६८ची आहे हो, अजून धरून चालवावं लागतंय, डोक्यात तिडीक जाते नुसती. केटररचे पैसे ताईने दिलेत, मग आई केस करू शकते का? वकील लागतो का?

पौडफाटा
करू शकतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणाराच नाही, त्याच्या संमतीने सेवा घेणाराही ग्राहकच. आधी केटररला लेखी नोटीस पाठवा, मग जिल्हा ग्राहक आयोग. मुदत २ वर्षं, वकील सक्तीचा नाही, केटररला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी पण नाही. नुसतं हॉस्पिटलचं बिल मागू नका, मानसिक त्रास आणि केसचा खर्चही लिहा. शिवाय अन्न सुरक्षा कायदा २००६, कलम ६५ बघा, गंभीर इजेला ३ लाखांपर्यंत, इतर इजेला १ लाखापर्यंत भरपाईची तरतूद आहे.

लॅबवाली
कायदा आहेच पण सगळं पुराव्यावर अडतं. डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘ॲक्युट गॅस्ट्रोएंटरायटिस’ (अचानक झालेला पोट-आतड्याचा दाह) असतं, समोरचा वकील म्हणणार ते कशानेही होतं. म्हणून पूर्ण केसपेपरची कॉपी लेखी अर्ज देऊन मागा, काय खाल्लं आणि किती तासांनी त्रास सुरू झाला ते ॲडमिट करताना लिहून घेतलेलं असतं. स्टूल कल्चर (शौचात जंतू आहेत का ही तपासणी) निगेटिव्ह असेल तरी खचू नका, अँटिबायोटिक सुरू झाल्यावर सॅम्पल घेतलं तर जंतू बरेचदा सापडत नाहीत. आणि पाण्याच्या मुद्द्यावर खरं उत्तर पाहुण्यांकडे आहे. पाणी प्यायले पण बासुंदी नाही घेतली असे कोण, ते ठणठणीत आहेत का? कोणी बासुंदी डब्यातून घरी नेली का? सगळ्यांकडून आत्ताच सही-तारखेसह लिहून घ्या, महिन्याभराने कोणाला काही आठवत नाही.

हडपसर_आजी
एफडीएकडे (अन्न व औषध प्रशासन) तक्रार आजच टाक बाळा, १८००२२२३६५. केटररच्या बिलावर १४ आकडी अन्न परवान्याचा (लायसन) नंबर आहे का तेही बघ. बासुंदी उरली असेल तर फ्रीजमध्येच राहू दे, टाकू नकोस. आईला जप.

वारजेकर
खूप आभार सगळ्यांचे. लॅबवाली ताई, आमच्या ताईने शेजारच्या काकूंना बासुंदीचा डबा दिला होता, त्या हॉलवर आल्याच नव्हत्या, आणि पोट त्यांचंही बिघडलेलं. आत्ताच जाऊन लिहून घेतो.