मदत हवी आहे: ग्राप्पा कधी द्यायची आणि जेवणाबरोबर कुठली वाइन?

पिंपळपार
मंडळी, शनिवारी पाच जण जेवायला येताहेत. वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी ग्राप्पाची, म्हणजे इटालियन कडक दारूची, बाटली भेट दिलीय, ती त्यांच्यासमोरच उघडायचीय. काल बारमध्ये घोटभर ग्राप्पा घेऊन पाहिली तर घशापासून छातीपर्यंत आग झाली. ही जेवणाआधी द्यायची की नंतर? बर्फ घालायचा का? आणि जेवणाबरोबर वाइन कुठली? लवकर सांगा, उद्या दुपारी दुकान गाठायचंय.

रानजाई
जेवणात काय आहे? राहता कुठे? बाटलीचा रंग कसा आहे?

पिंपळपार
इटलीत, तोरिनोला. जेवण आपलंच.

रानजाई
आपलंच म्हणजे? वरणभात आणि मटण यांना एकच वाइन कशी सांगणार?

पिंपळपार
बरं. मटणाचा तांबडा रस्सा, ज्वारीची भाकरी, शेवटी श्रीखंड. ग्राप्पा मधाच्या रंगाची. लेबलवर 'ग्राप्पा दी बारोलो, रिझेर्वा', ४३ टक्के.

दगडी_वाडा
तोरिनो म्हणजे पिएमोंते प्रांत, मग तिथली लाल वाइन बारोलोच घ्या. शंभर टक्के नेब्बियोलो द्राक्षांची, किमान ३८ महिने मुरवलेली. मटणाला दुसरं काही शोधूच नका.

रानजाई
तांबड्या रश्श्यावर नको हो! मी मिलानला हे केलंय. नेब्बियोलोत टॅनिन, म्हणजे तुरटपणा, भरपूर. पहिल्या घासानंतर घोट घेतला आणि जीभ कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी आखडली, तिखट तर दुप्पट झालं. इतकी महाग बाटली वाया गेली. बार्बेरा दास्ती ही लाल वाइन घ्या. आंबटपणा चांगला, टॅनिन कमी, रश्श्यावरची तर्री कापते. श्रीखंडाबरोबर मोस्कातो दास्ती: गोड, हलके बुडबुडे, अल्कोहोल जेमतेम ५ टक्के.

दगडी_वाडा
मग रस्सा सौम्य करा. बारोलोबरोबर ते लोक ब्राझातो खातात, वाइनमध्येच तासन्‌तास शिजवलेलं गोमांस. मटण त्याच जातीचं जेवण आहे.

रानजाई
ब्राझातोत मिरची कुठे असते? पाहुणे आपला रस्सा खायला येताहेत, तो का पातळ करायचा?

वेरोनाचा_प्रवासी
मी अमारोने ही लाल वाइन सुचवेन. कोर्विना द्राक्षं सुकवून करतात, दाट आणि सुंदर.

रानजाई
१५-१६ टक्के अल्कोहोल तिखटावर आणखी पेटतं. तीन वर्षं मुरलेल्या चीजबरोबर जरूर प्या.

संथ_वाहते
इथे मुद्दा ग्राप्पाचाही आहे. ती रसाची नसते, वाइन काढून उरलेल्या चोथ्याची असते: साली, बिया. तुमची बारोलोच्या नेब्बियोलोच्या चोथ्याची. रिझेर्वा म्हणजे लाकडी पिंपात किमान १८ महिने राहिलेली, म्हणून मधाचा रंग. जेवण आणि कॉफी झाल्यावर द्या, बर्फ नको, फ्रीजही नको. पांढरी, कोवळी असती तर थंड चालली असती. छोट्या, तोंडाशी निमुळत्या ग्लासात दोन बोटं ओता, पाच मिनिटं तशीच राहू द्या. नाक ग्लासात खुपसू नका, थोडं वर धरा. बारमधली आग बहुधा एका दमात घेतल्यामुळे झाली.
अवांतर: एकाच जातीच्या द्राक्षांच्या ग्राप्पाला मान मिळाला तो १९७३ नंतर, ईशान्य इटलीतल्या फ्रिउलीच्या नोनिनो कुटुंबाने पिकोलित द्राक्षांची काढली तेव्हापासून. त्याआधी ती शेतमजुरांची थंडीतली दारू होती.

घरची_ओढ
भारतात नेताना लक्षात ठेवा, माणशी दोन लिटरपर्यंतच ड्यूटी लागत नाही. बाटली चेक-इन बॅगेत, टॉवेलात गुंडाळून.

पिंपळपार
भारतात न्यायची नाहीये, पण धन्यवाद. बार्बेरा दोन, मोस्कातो एक, असं ठरलं. आजोबा एस्प्रेसो पिऊन झाल्यावर त्याच कपात थोडी ग्राप्पा ओतून कप हलवतात आणि पितात. रिझेर्वा तशी दिली तर चालेल का?

संथ_वाहते
त्याला व्हेनेतो प्रांतात रेझेन्तिन म्हणतात. पहिला घोट ग्लासातून द्या, मग आजोबांना कप पुढे करू दे. बाटली त्यांचीच आहे.

घरची_ओढ
तोरिनोत ज्वारीचं पीठ कुठे मिळालं?