संगीत नाट्य महोत्सवाचे प्रसिद्धिपत्रक नेमके केव्हा पाठवावे?

रंगकर्मी, फोंडा
नमस्कार. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमची संस्था फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात तीन दिवसांचा संगीत नाट्य महोत्सव भरवणार आहे. प्रसिद्धिपत्रक वृत्तपत्रांना व वृत्तसंकेतस्थळांना ई-मेलने पाठवायचे असून आमच्या संकेतस्थळावरही टाकायचे आहे. ते महिनाभर आधी द्यावे असे काही सभासदांना वाटते, तर चार दिवस आधी दिले तरच लोकांच्या लक्षात राहील, असे इतरांचे मत आहे. दिवस आणि वेळ कशी साधावी, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

माजी उपसंपादक, पणजी
वेळ ठरवण्याआधी गोव्याचे कॅलेंडर पुढ्यात घ्यावे. 2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात भरतो आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सांस्कृतिक बातम्या पाहणारी मंडळी त्यातच गुंतलेली असतात. त्या दिवसांत आलेले चांगले पत्रकही केवळ उघडायला कोणाला उसंत नसल्यामुळे मागे पडते. त्यापाठोपाठ 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचे फेस्त, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरचा उत्सव, येते. म्हणून बातमी दोनदा द्यावी. नाटके कोणती आणि प्रवेशिका कोठे मिळतील, एवढी घोषणा इफ्फीपूर्वी, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावी (दिवाळी त्यात येत असल्यास तेवढे दिवस टाळावेत), आणि कलाकार व साथसंगतीसह सविस्तर कार्यक्रम फेस्त आटोपताच पाठवावा.

तासाचे म्हणाल, तर सकाळी दहा-अकराची वेळ उत्तम, कारण संध्याकाळी पाने लावण्याची घाई सुरू झाली की नव्या पत्रकाकडे पाहणे होत नाही. रविवारी बैठक संपली की रात्रीच पत्रक धाडण्याची पद्धत पुष्कळ संस्थांत आहे. सोमवारी ते साचलेल्या मेलच्या ढिगात दबते. मंगळवार किंवा बुधवार धरावा.

संकेतस्थळ संपादिका, म्हापसा
कॅलेंडरचा मुद्दा अगदी मान्य आहे. मात्र संकेतस्थळापुरते बोलायचे तर मजकूर तयार असणे हे घड्याळाइतकेच महत्त्वाचे आहे. लेटरहेडवर छापून स्कॅन केलेले पत्रक सकाळी दहाला आले, तरी ते पुन्हा टंकित करावे लागते आणि बातमी संध्याकाळवर जाते. मजकूर युनिकोडमध्ये थेट मेलमध्येच लिहावा, छायाचित्रे वेगळी जोडावीत आणि त्यांतील व्यक्तींची नावे डावीकडून क्रमाने द्यावीत. मेलच्या विषयात ‘प्रसिद्धीसाठी’ असे लिहू नये; ‘फोंडा येथे 11 डिसेंबरपासून संगीत नाट्य महोत्सव’ असे लिहिल्यास ती मेल आधी उघडली जाते. तुमच्या संकेतस्थळावरचे पत्रकही त्याच वेळी प्रसिद्ध करावे. व्हॉट्सॲपवर दोन दिवस फिरलेली घोषणा बातमी म्हणून घ्यायला कोणीही संपादक फारसा उत्सुक नसतो, आणि त्यात त्याचे चुकते असे मला वाटत नाही.

रंगकर्मी, फोंडा
दोघांचेही मनःपूर्वक आभार. आमचे काही देणगीदार दुबई आणि लंडनला आहेत. त्यांच्यासाठी वेगळी वेळ ठेवावी का?

माजी उपसंपादक, पणजी
वृत्तपत्रांसाठीची वेळ त्यांच्याकरिता बदलू नये. आपल्याकडे सकाळी दहा वाजतात तेव्हा दुबईत साडेआठ, तर डिसेंबरात लंडनला पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. पत्रक दहालाच प्रसिद्ध करावे आणि देणगीदारांना त्याचा दुवा दुपारी दोनच्या सुमारास, दोन ओळींच्या व्यक्तिगत पत्रासह पाठवावा.