पायलट अभ्यासाचा निधी-अर्ज: कोळीवाड्यात मीठ आणि रक्तदाब. नमुना, परवानग्या, बजेट?

मिऱ्या_बंदर (प्रश्न)

रत्नागिरी तालुक्यातल्या नर्सिंग कॉलेजात कम्युनिटी हेल्थ शिकवते. मासे विकणाऱ्या आणि सुकवणाऱ्या बायकांच्या घरी नर्सने जाऊन मीठ कमी करण्याचं मार्गदर्शन करायचं आणि रक्तदाब मोजायचा, असा पायलट (मोठ्या अभ्यासाआधीची छोटी चाचणी) योजला आहे. ६० बायका, प्रत्येकी ४ गृहभेटी, मागणी अडीच लाखांच्या आत. उद्देश असा लिहिलाय: ‘गृहभेटींमुळे सिस्टॉलिक (वरचा) रक्तदाब कमी होतो का हे तपासणे.’ पहिलं मापन मे महिन्यात, शेवटचं जुलैच्या अखेरीस, कारण मासेमारी बंदीत बायका घरी सापडतात. ६० पुरेत का? परवानग्या कोणाकोणाच्या लागतील? बजेटमध्ये काय राहून जातं?

नमुना_आणि_नोंद

ताई, आधी उद्देश बदला. ६० जणींत रक्तदाबातला फरक ठामपणे सांगता येत नाही, आणि निधी देणाऱ्या समितीतला संख्याशास्त्रज्ञ पहिला शेरा त्यावरच मारतो. पायलटचा प्रश्न ‘हे काम इथे, या माणसांकडून, या पैशांत होऊ शकतं का’ एवढाच असतो. उद्देशात हे लिहा: विचारलेल्यांपैकी किती जणी तयार झाल्या, किती जणींच्या चारही भेटी पूर्ण झाल्या, किती शेवटपर्यंत टिकल्या, किती नोंदी पूर्ण भरल्या गेल्या. रक्तदाब मोजायचा, पण त्यातून मोठ्या अभ्यासासाठी प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) काढायचं. पी-व्हॅल्यू देऊन ‘फरक पडला’ असा दावा नको.

मग ६० चं समर्थनही सोपं होतं. ६० पैकी ८० टक्के टिकल्या, तर ९५ टक्के विश्वासांतर (खरं प्रमाण ज्या टप्प्यात असावं तो टप्पा) साधारण ७० ते ९० येतं. ३० च घेतल्या तर तेच ६६ ते ९४ इतकं पसरतं. हे दोन आकडे अर्जात टाका. ‘पायलटला दर गटात १२ चालतात’ हा नियम सरासरी आणि विचलनाच्या अंदाजासाठी आहे, टिकण्याचं प्रमाण त्यातून काढू नका.

पुढे जायचं की नाही याचे निकष आधीच ठरवून लिहा. उदाहरणार्थ, टिकण्याचं प्रमाण ८० टक्के किंवा जास्त असेल तर मोठा अभ्यास, ६५ ते ८० मध्ये असेल तर पद्धत सुधारून, ६५ च्या खाली थांबायचं. कन्सॉर्टची (चाचण्यांचे अहवाल कसे लिहावेत याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) पायलट अभ्यासांसाठीची २०१६ ची पुरवणी समोर ठेवून अर्ज लिहिलात तर यातलं काही सुटणार नाही.

तुलनेसाठी दुसरा गट हवाच. मात्र एकाच वाडीत अर्ध्या-अर्ध्या करू नका. शेजारणी एकमेकींना सगळं सांगतात, लिलावाला एकत्र बसतात. चार वाड्या, प्रत्येकी १५ जणी. दोन वाड्यांना भेटी आत्ता, उरलेल्या दोन वाड्यांना अभ्यास संपल्यावर. कुठल्या वाड्यांना आधी, ते चिठ्ठी टाकून ठरवा.

खाडीपलीकडे

मे ते जुलै हे वेळापत्रक मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. बंदीत ताजी मासळी कमी, पावसाळ्याची बेगमी बाहेर निघते. खारा बांगडा, खारातली कैरी, लोणचं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस). मेच्या तुलनेत जुलैत मीठ आपोआप वाढलेलं दिसेल आणि तुमच्या नर्सच्या कष्टांवर पाणी पडेल. उलट श्रावणात कित्येक घरांत मासळी बंद, म्हणजे तिथे न केलेल्या कामाचं श्रेय मिळेल. गणपतीत चाकरमानी घरी, चुलीवर जेवणारी माणसं दुप्पट. म्हणून दोन्ही मापनं एकाच हंगामात घ्या. नवरात्रानंतर सुरुवात करून १२ ते १४ आठवडे, शिमग्याआधी संपवा. बायका सकाळी भेटणार नाहीत हे मान्य, तेव्हा भेटी दुपारी ३ नंतर ठेवा आणि अर्जात तसं लिहा.

प्रश्नावलीत ‘सुकी मासळी खाता का’ असा एकच प्रश्न असेल तर तो काढा. जवळा आणि बोंबील बहुतेक नुसत्या उन्हात वाळवलेले असतात, बांगडा मिठात मुरवून सुकवलेला. दोन्ही एका रकान्यात गेले की उत्तराला अर्थ राहत नाही. खारा बांगडा किती वेळ भिजवता आणि ते पाणी टाकता का, हाही प्रश्न हवा. आगळ वेगळं विचारा, त्यातलं मीठ कोणाच्या लक्षातच येत नाही.

मीठ मोजायला २४ तासांची लघवी हे प्रमाण माप. पण दिवसभर बाजारात बसणाऱ्या, जवळ शौचालय नसलेल्या बाईकडून ते पूर्ण होणं अवघड. सगळ्या ६० जणींकडून मागू नका, १५ जणींत करून ‘किती जणींचं पूर्ण झालं’ एवढंच तपासा. जोडीला घरातलं मिठाचं पाकीट किती दिवस पुरतं ते नोंदवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या माणशी रोज ५ ग्रॅमच्या आत या मर्यादेने पाच माणसांच्या घराला महिन्याला ७५० ग्रॅम पुरायला हवं. मासे खारवायला वापरलेलं मीठ त्यातून वेगळं काढायला विसरू नका.

फाइल_क्रमांक

परवानग्यांत नेहमी गफलत होते ती अशी. उपकेंद्रं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, आशा, आरोग्य सेविका हे सगळं जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे. ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांकडे. गृहभेटींसाठी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र, बायकांना पुढे रुग्णालयात पाठवणार असाल तर शल्य चिकित्सकांनाही. पत्रात आशांकडून नेमकं काय काम हवं ते लिहा, ‘सहकार्य मिळावे’ एवढ्यावर पत्र टेबलावरच राहतं.

एथिक्स कमिटी (संशोधनाची नैतिक बाजू तपासणारी समिती) आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी झालेली हवी. कॉलेजची स्वतःची नसेल तर लेखी करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं, त्या कराराची प्रत अर्जाला जोडा. कमिटी विचारणारच: १८०/११० च्या वर रक्तदाब सापडला तर? त्याच दिवशी कुठे, कोणाबरोबर पाठवणार, ते लिहा. १४०/९० च्या वर असेल तर पुन्हा मोजून उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांकडे. मोजण्याची पद्धतही द्या: ५ मिनिटं बसवून तीन वेळा, शेवटच्या दोनांची सरासरी.

हा हस्तक्षेपाचा अभ्यास आहे, म्हणून सीटीआरआयवर (भारताच्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी पहिली बाई दाखल होण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून तिथे मागाहून नोंदणी होत नाही. फी नाही, पण शंका-उत्तरांच्या फेऱ्या होतात, तेव्हा हाताशी वेळ ठेवा. संमतीपत्र सोप्या मराठीत, आणि सही न करणाऱ्यांसाठी अंगठा व अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार.

परदेशी निधीचा विचार असेल तर खासगी ट्रस्टच्या कॉलेजला एफसीआरएची (परदेशी निधी नियमन कायद्याखालची) मंजुरी लागते. आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची संमतीही लागते. अडीच लाखांसाठी तो रस्ता लांबचा.

मिऱ्या_बंदर

वेळापत्रक आणि उद्देश दोन्ही बदलते. बजेटचं कोणी सांगेल? आणि घरोघरी कमी सोडियमचं मीठ वाटलं तर?

हिशेबनीस_४१५

बजेट भेटींपासून उलटं बांधा. ६० × ४ = २४० भेटी. विखुरलेल्या वाड्यांत दिवसाला ६ होतात, म्हणजे ४० दिवस. दार बंद मिळणाऱ्या घरांसाठी २० टक्के जास्त धरा: ४८ दिवस. रोजचं मानधन ८०० आणि प्रवास ३०० धरलात तर ३८,४०० आणि १४,४००. दर तुमच्या भागातले घाला, पण गुणाकार तसाच दाखवा. ‘प्रवास: ५०,०००’ असं गोल लिहिलेलं पहिलं कापलं जातं.

राहून जातं ते हे: तुलना-गटाच्या दोन मापन भेटी, रक्तदाबाचं एक जादा यंत्र (खाऱ्या हवेत बॅटरीचे संपर्क गंजतात), मोठ्या दंडासाठी कफ (यंत्राचा दंडाला बांधायचा पट्टा), प्रमाणित यंत्राशी पडताळणी, लघवीचे डबे आणि प्रयोगशाळेपर्यंतची वाहतूक, भाषांतर व उलट-भाषांतर (मराठीतून पुन्हा मूळ भाषेत, पडताळणीसाठी), परवान्याची प्रश्नावली असेल तर तिची फी, बाईच्या बुडालेल्या वेळेची भरपाई. भरपाईची रक्कम एथिक्स कमिटीला आधी दाखवा, आमिष वाटेल इतकी नको. भेटी आता नवरात्रानंतर असतील तर हप्ता कधी येतो तेही बघा. तो उशिरा आला तर हंगाम हुकतो, म्हणून यंत्रखरेदी आणि प्रशिक्षण पहिल्या हप्त्यात मागा. बजेटच्या मंजूर खर्च-शीर्षाबाहेर खर्च करायचा असेल तर आधी लेखी परवानगी, नाहीतर उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे मंजूर कामावरच खर्चले याचा दाखला) अडतं आणि पुढचा हप्ताही.

कमी सोडियमच्या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्या बाईला ते घातक ठरू शकतं. ते वाटायचं तर रक्ततपासणी, वगळण्याचे निकष, डॉक्टरची देखरेख, सगळंच आलं. या पायलटमध्ये नको. ‘असं मीठ मिळालं तर वापराल का, किती किमतीपर्यंत’ एवढा एक प्रश्न शेवटच्या भेटीत घाला.