द्राक्षकाड्यांच्या राखेचं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा थर): फोड येतात आणि शेल्फला चिकटतं

ओली_माती (नाशिक): जपानमधल्या शिगाराकीच्या मडक्यांच्या खांद्यावर राख वितळून हिरवट ओघळ उतरतात, तसं हवंय. खरड छाटणीच्या काड्या जाळून राख केली, नुसती चाळून घेतली. राख 60, फेल्डस्पार (भट्टीत वितळणारं खनिज) 40. इलेक्ट्रिक भट्टी, 1250 अंश. एका फुलदाणीवर फोड, दुसरी शेल्फला चिकटली. रंग पिवळट-तपकिरी. काय चुकतंय?

चाकावरचा: दोन चुका आहेत. राख धुतलेली नाही आणि मिश्रणात माती नाही. न धुतलेल्या राखेतले विरघळणारे क्षार भांडं वाळताना पृष्ठभागावर येऊन साचतात. फोडांचं मूळ बहुधा तेच. राख बादलीभर पाण्यात ढवळा, रात्रभर बसू द्या, वरचं पाणी ओता. असं तीन-चार वेळा. हातमोजे घालाच, हे पाणी कातडी सोलतं. ओतलेल्या पाण्यात चिमूटभर हळद टाका: गडद लाल झाली तर अजून धुवा. मग 80 मेशच्या चाळणीतून गाळून वाळवा.

प्रमाण वजनाने: राख 45, पोटॅश फेल्डस्पार 40, बॉल क्ले (बारीक, चिकट माती) 15. मातीतली अ‍ॅल्युमिना वितळलेलं ग्लेझ घट्ट धरते, ती नसेल तर पाण्यासारखं पळतं. तरी ओघळ हवाच असेल तर खांद्यावर जाड थर द्या, खाली पातळ, आणि तळापासून दोन सेंटिमीटर कोरं सोडा. चाचणीच्या भांड्याखाली जुनी बिस्किट (ग्लेझ न लावता भाजलेली) बशी ठेवा, तिला अ‍ॅल्युमिना आणि केओलिन (पांढरी चिनी माती) समभाग लावून.

काळी_भट्टी: रंगाचं कारण वेगळं. तो हिरवा लोहाचा असतो, आणि त्याला धुराची, कमी प्राणवायूची भट्टी लागते. इलेक्ट्रिक भट्टीत लोह पिवळं-तपकिरीच दिसणार. पण तेवढ्यासाठी आत कोळसा टाकू नका, तापवणाऱ्या कॉइल लवकर जातील. शिगाराकीच्या मातीत फेल्डस्पारचे पांढरे खडे असतात. ते भांड्याच्या मातीतच मिसळलेत तर पोत जास्त जवळ जाईल.

चाकावरचा: आणि बागेत बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) फवारलं असेल तर मोरचुदातलं तांबं राखेत उतरतं, ते भट्टीत हिरवं दिसू शकतं. फुलदाणीला हरकत नाही. ताक-लोणच्याच्या भांड्यात आतून अजिबात नको.

ओली_माती: काड्या किती लागतील?

चाकावरचा: शंभर किलो वाळलेल्या काड्यांची जेमतेम दोन-तीन किलो राख. जमिनीवर जाळू नका, पत्र्यावर जाळा, नाहीतर काळी माती मिसळून लोह वाढतं. बांधायची सुतळी, तार, प्लास्टिक आधी काढा. एका हंगामाची सगळी राख एकत्र करूनच चाचण्या घ्या, पुढच्या खेपेची राख वेगळी वागेल.